नऊ इंची भिंत

गेल्या दिवाळीत आमच्या पनवेलच्या घरी बिल्डरकडचा एक तरुण इंजिनियर आला होता. मुलगा चांगला होता. चहा घेतला, चकलीचं कौतुक केलं, मग टेप काढून खोल्या मोजल्या. पुढच्या खोलीच्या भिंतीवर बोटाने टकटक करून पाहिलं, वर बघितलं, कोपऱ्यात खांब शोधला. खांब नव्हताच. मग म्हणाला, "काका, हे लोड-बेअरिंग आहे. याला स्ट्रक्चरच नाहीये."

मी नुसता हसलो. पण रात्री झोप लागेना. ज्या घरात आम्ही पन्नास वर्षं राहिलो, दोन लग्नं केली, २६ जुलैचं पाणी पाहिलं, त्या घराला स्ट्रक्चरच नाही? मग इतकी वर्षं वरचा स्लॅब कशावर उभा होता?

तसं बघितलं तर तो चुकीचं बोलला नाही. त्याच्या शिक्षणात स्ट्रक्चर म्हणजे कॉलम आणि बीम. आजच्या इमारतीत ओझं वाहतात ते आरसीसीचे खांब, आणि भिंत असते नुसता पडदा. उद्या ती पाडली तरी वरच्या मजल्याला पत्ता लागत नाही. आमच्या घरात सगळं उलट आहे. स्लॅब भिंतीवर टेकलेला, भिंत जोत्यावर, जोतं पायावर आणि पाया मुरुमावर. भिंत हाच खांब. साध्या मराठीत सांगायचं तर घर भिंतींच्या खांद्यावर आहे.

त्या रात्रीपासून या विषयाचं वेडच लागलं म्हणा ना. जुनं पनवेल फिरताना मी हल्ली दुकानांच्या पाट्यांऐवजी भिंती बघतो. त्यातून जे समजलं ते इथे लिहून ठेवतोय. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे.

पनवेल हे मुळात बंदराचं गाव. मुंबईहून होडीने खाडीतून पनवेलला यायचं आणि इथून घाटाकडे निघायचं, हा पुण्याचा जुना रस्ता. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि गावाला बरकत आली. १८५२ साली इथे नगरपालिका आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी मोठ्या गावांत तिचं नावही नव्हतं. इंग्रजी गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा दिलाय तो बैलगाडीची चाकं बनवण्याचा. घाटावरून उतरणारी जवळजवळ प्रत्येक गाडी इथून चाकांची एक जोडी घेऊन जायची म्हणे. मग १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली, ती कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं ते पडलंच. एका अर्थी त्यामुळेच जुनी घरं इतकी वर्षं टिकली असावीत. पाडून नवीन बांधायला निमित्त लागतं आणि पैसाही लागतो.

या जुन्या घरांची एक गंमत आहे. वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड बघून आपल्याला वाटतं की सगळा भार भिंतींवर आहे. पण बहुतेक वाड्यांत खरा भार लाकडी खांबांवर असतो. खांब, त्यावर तुळया, त्यावर पाटण. बाहेरची दगड-मातीची भिंत ऊन, पाऊस आणि चोर अडवायला. कित्येकदा भिंतीच्या पोटातच खांब लपलेले असतात. म्हणजे त्या इंजिनियरची 'फ्रेम' आपल्याकडे कॉंक्रीटच्या कितीतरी आधी होती, फक्त सागाची. लाकूड स्वस्त होतं आणि जंगलं जवळ होती तोवर हे परवडत होतं.

नुसत्या भिंतीवर भार घ्यायची खरी परंपरा बघायची असेल तर देवळं, किल्ले, तलावांचे घाट बघावेत. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या बाहेरच्या तटात तर मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींतून आत जातं आणि फटींतूनच परत येतं, त्यामुळे तटावर धक्का कमी बसतो. वजन हीच त्या भिंतीची ताकद. दगडाला दाबलेलं आवडतं. ओढलेलं किंवा वाकवलेलं मात्र अजिबात सोसत नाही. भिंतीच्या बांधकामाचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे, असं मला आता वाटतं.

म्हणून तर खिडकी-दरवाजावर कमान आली. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, कुणालाच वाकावं लागत नाही. म्हणूनच जुन्या घरात खिडक्या अरुंद आणि उंच असतात. म्हणूनच वरच्या मजल्याची खिडकी खालच्या खिडकीच्या बरोबर वर येते, म्हणजे मधला भिंतीचा पट्टा सलग खाली जमिनीपर्यंत पोचतो. लहानपणी मला ही नुसती शोभा वाटायची. ती ओझ्याची वाट होती.

या पद्धतीची हद्द कुठवर जाते हे अमेरिकेत शिकागोच्या मोनॅडनॉक बिल्डिंगमध्ये दिसतं. १८९१ साली पुरी झालेली ही सोळा मजली इमारत विटांच्या भिंतींवर उभी आहे. पण तळाशी त्या भिंती सहा फूट जाड कराव्या लागल्या. रस्त्यालगतच्या महागड्या जागेत सहा फुटांची भिंत म्हणजे भाड्याचं केवढं नुकसान! दोनच वर्षांनी त्याच इमारतीचा दक्षिणेचा भाग बांधला तेव्हा आत पोलादी सांगाडा घातला. एकाच इमारतीत एक युग संपलेलं आणि दुसरं सुरू झालेलं दिसतं. उंच जायचं तर सांगाडा हवा, हे तिथेच ठरलं.

पण आम्हाला कुठे सोळा मजले चढायचे होते?

आमचं घर अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी १९७४ साली बांधलं. आजोबांचं मातीचं कौलारू घर होतं, ते उतरवून त्याच जागी तळमजला आणि वर एक मजला. अण्णा शाळामास्तर. पैसा बेताचा. पण अडचण फक्त पैशाची नव्हती. आजच्या मुलांना सांगूनही खरं वाटत नाही, पण तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन विकत घेता येत नसे. परमिट लागायचं. अर्ज, शिफारस, हेलपाटे, आणि शेवटी मिळायच्या त्या मोजक्या गोणी. काळ्या बाजारात मिळे, पण मास्तरच्या पगारात ते बसत नव्हतं. सिमेंटवरचं नियंत्रण १९८२ साली अर्धवट उठलं आणि पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. मधल्या काळात सिमेंट ही चीज किती मोलाची होती, हे आपल्या राज्याने चांगलंच अनुभवलं. १९८२च्या जानेवारीत आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या मुख्यमंत्र्यांना, ए. आर. अंतुल्यांना, सिमेंट वाटपाच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला.

अशा वेळी सामान्य माणूस काय करणार? सिमेंट आणि लोखंड जिथे टाळताच येत नाही तिथेच वापरणार. म्हणजे स्लॅबमध्ये आणि खिडकी-दरवाजांवरच्या लिंटेलमध्ये. बाकी सगळा भार विटांवर. विटांना परमिट नव्हतं. भाताची कापणी झाली की आपल्या भागात वीटभट्ट्या लागतात. कातकरी कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर मुक्कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तेव्हाही जात होती, आजही जातात. माझ्या घराच्या भिंतीत त्यांच्या किती हंगामांची मेहनत आहे, याचा विचार मी इतकी वर्षं कधी केला नव्हता. एक घनमीटर बांधकामाला पाचशेच्या आसपास विटा लागतात. प्रत्येक वीट कुणीतरी हाताने साच्यात थापलेली.

मी तेव्हा नववीत होतो. विटा भिजत घालायचं काम माझ्याकडे होतं. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो, म्हणून विटा आधी भरपूर पाणी पिऊन हव्यात. मिस्त्री एक थर विटांची लांबी बाहेर दिसेल असा लावायचे, पुढच्या थरात विटांची डोकी बाहेर. खालच्या सांध्यावर वरचा सांधा आला की थापीने वीट उडवून द्यायचे. प्रत्येक चार थरांनंतर ओळंबा. दिवसाला तीन-साडेतीन फुटांच्या वर भिंत चढवायची नाही, खालचा मसाला घट्ट होऊ द्यायचा. मला कंटाळा यायचा. शेजारच्यांचं घर भराभर वर जाताना दिसायचं आणि आमचे मिस्त्री संध्याकाळी चार वाजता हात धुऊन बिडी ओढत बसलेले.

आता थोडा हिशेब. माझा एक शाळासोबती बांधकाम खात्यातून निवृत्त झालाय. त्याच्याबरोबर बसून मी कागदावर मांडला. ढोबळच आहे, पण बोलका आहे.

पुढची खोली दहा फूट खोल, बारा फूट रुंद. स्लॅबचं वजन, वरची फरशी, माणसं-सामान मिळून चौरस मीटरला सुमारे सहाशे किलो धरा. त्यातला निम्मा भार रस्त्याकडच्या भिंतीवर येतो. दोन स्लॅब आणि दोन मजल्यांच्या भिंतीचं स्वतःचं वजन धरून तळाशी भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण साडेचार टन येतात. भिंत नऊ इंची. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्याही आत. साधी वीट चिरडायला पस्तीस किलो तरी लागतात. विटा आणि मसाला मिळून झालेल्या साध्या भिंतीवर सुरक्षितपणे टाकता येतो तो भार साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे अण्णांची भिंत अर्ध्या ताकदीवर आरामात उभी होती. "स्ट्रक्चर नाही" म्हणे!

आता ती कबुली.

१९८६ साली मी पुढच्या खोलीत स्टेशनरीचं दुकान काढलं. नोकरी लागत नव्हती, रस्ता चालता होता. दुकानाला शटर हवं. शटर म्हणजे आठ फुटांचं भगदाड. अण्णा म्हणाले होते, "त्या भिंतीवर वरचं सगळं आहे रे. आपल्या मिस्त्रींना विचार आधी." मी विचारलं नाही. मिस्त्री म्हातारे झाले होते, हळू काम करायचे, आणि मला दसऱ्याला उद्घाटन करायचं होतं. दुसऱ्या एका कंत्राटदाराने चार दिवसांत भिंत फोडून वर लोखंडी गर्डर टाकला आणि शटर बसवून दिलं.

बारा फुटांच्या भिंतीतले आठ फूट गेले. उरले दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट. वरचा भार मात्र तेवढाच. परवा सोबत्याने तोही हिशेब मांडला, तेव्हा आकडा आला चौरस सेंटिमीटरला जवळजवळ पाच किलो. शिवाय गर्डरची टोकं जिथे टेकलीत तिथे याहून जास्त, कारण त्याखाली कॉंक्रीटचा ठोकळासुद्धा घातलेला नव्हता. पुढच्याच पावसाळ्यात शटरच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली आणि तिरकी वर चढत पहिल्या मजल्याच्या खिडकीला जाऊन मिळाली.

आणि मी काय केलं असेल? मी आल्या-गेल्याला सांगत सुटलो, "अण्णांनी बीम-कॉलम टाकले नाहीत ना, पैसे वाचवले." अण्णांसमोरसुद्धा म्हणालो. ते काही बोलले नाहीत. दर दोन वर्षांनी ती भेग मी सिमेंटने बुजवायचो, ती परत दिसायची. १९९८ साली अण्णा गेले.

मधल्या काळात सगळ्यांचंच मन भिंतींवरून उडालं होतं. त्याला कारणही तसंच घडलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती आणि चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादमधली हजारो माणसं आपल्याच घराच्या दगडांखाली गेली. दोन-अडीच फूट जाड भिंती, पण मातीत रचलेल्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड क्वचितच होता. जमीन हलली तशा भिंती मधून फाटल्या आणि पोट फुगून कोसळल्या. वर माळवदाचा मातीचा भार. जाड भिंत म्हणजे पक्की भिंत, ही आपली समजूत त्या पहाटे संपली.

त्यानंतर भिंतींच्या बांधकामाचे नियम कडक झाले. जोत्याला, लिंटेलच्या पातळीवर आणि छताखाली घराभोवती सलग सळईचा पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळया, दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड. घराला कमरेला, छातीला आणि डोक्याला पट्टा बांधण्यासारखंच हे. एवढं केलं तर दोन-तीन मजल्यांचं भिंतींचं घर भूकंपातही माणसाला बाहेर पडायला वेळ देतं. पण लोकांनी त्यातून एवढंच घेतलं, की भिंतीचं घर पडतं आणि आरसीसीचं टिकतं. मीही तेच घेतलं. घरातल्या भेगेसाठी मला आणखी एक साक्षीदार मिळाला!

पण आरसीसी म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही आपण आपल्याच जिल्ह्यात पाहिलं. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत पत्त्यासारखी बसली आणि सोळा जण गेले. तिला दहा वर्षंही झाली नव्हती. खांब होते, बीम होते, स्ट्रक्चर होतं. शेवटी घर टिकतं ते बांधणाऱ्याने सांध्यात काय घातलं त्यावर, आणि राहणाऱ्याने नंतर काय फोडलं त्यावर.

भिंतीला न्याय देणारं एक काम आमच्या जवळच आहे. बेलापूरला चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी केलेली वसाहत, जिला आता सगळे आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात. छोट्या चौकांभोवती छोटी घरं, साध्या भिंतींची, गावातल्या गवंड्याला बांधता येतील अशी. प्रत्येक घर आपापल्या जागेवर सुटं, म्हणजे ऐपत आली की मालकाने शेजाऱ्याला धक्का न लावता घर वाढवावं. आज तिथे मूळ घरं फारशी ओळखू येत नाहीत, लोकांनी खरंच वाढवलीत. मी मुद्दाम जाऊन आलो. एका ठिकाणी खालच्या भिंतीत मोठा शटर बसवण्याचं काम चालू होतं. पाय थबकलेच. आत जाऊन सांगावं असं वाटलं, पण मला कोण ओळखतं तिथे? मग गवंड्यालाच विचारलं, "वर काय आहे हो?" त्याने माझ्याकडे बघितलं, टेकूंकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "अजून काढलेले नाहीत, काका. बीम भरल्याशिवाय काढणार नाही." बरं वाटलं.

आमचं घर मात्र जाणार आहे. पनवेल आता २०१६ पासून महानगरपालिका आहे, उलव्याच्या बाजूला विमानतळ झालाय, जागेचे भाव सांगायची सोय नाही. चार वारस आहेत, जिना चढताना आईचे गुडघे दुखतात, आणि घराला भूकंपाचे पट्टे नाहीत हेही खरंच. सात मजल्यांत आमचे चार फ्लॅट होतील. सात मजले नऊ इंची भिंतीवर उभे राहत नाहीत, तिथे त्या मुलाचंच बरोबर आहे. मी सही केली.

सहीच्या दिवशी पुण्याहून दादा आला होता. कागद आवरल्यावर आम्ही दोघंच पुढच्या खोलीत बसलो. मी त्याला हिशेबाचा कागद दाखवला. म्हटलं, "दादा, ती भेग अण्णांची नव्हती. माझ्या शटरची होती."

दादाने कागद बघितलाही नाही. म्हणाला, "मला माहीत आहे. अण्णा तेव्हाच बोलले होते मला. म्हणाले, त्याला सांगू नको, दुकान नुकतंच लागतंय त्याचं."

बराच वेळ आम्ही कुणीच काही बोललो नाही.

पाडकाम पावसाळ्यानंतर आहे. त्या इंजिनियरला मी एवढंच सांगितलंय, की विटा फोडून डंपरमध्ये घालू नका, निघतील तेवढ्या अख्ख्या काढा. पन्नास वर्षांपूर्वीच्या भट्टीच्या विटा आहेत, कुणाच्या तरी कुंपणाला नाहीतर गोठ्याला उपयोगी पडतील. तो म्हणाला, "काका, यांना हल्ली कोण विचारतं?"

असो. विचारणारा भेटला तर कळवा. विटा भिजवून द्यायला मी आहेच.